टॅग बदलताना ॲप अडकलं? लगेच बंद करू नका

आजोबांच्या भजनांच्या कॅसेट्स मी एमपी३ केल्या होत्या. लॅपटॉपवर ४०० फाइल्स एकदम सिलेक्ट केल्या, सगळ्यांना त्यांचा फोटो कव्हर म्हणून लावला आणि सेव्ह दाबलं. ॲप ढिम्म. वैतागून बंद केलं, तर एक फाइल अर्ध्यातच तुटली. ती कॅसेट आता वाजतही नाही.

झालं काय होतं? नाव, गायक, फोटो ही माहिती, म्हणजे आयडी३व्ही२ टॅग, सहसा एमपी३च्या सुरुवातीला असते. तिच्यामागे बऱ्याचदा थोडी रिकामी जागा सोडलेली असते. नुसतं नाव बदललं तर तेवढ्यात भागतं. पण २ एमबीचा फोटो तिथे कुठला मावायला? मग अख्खं गाणं पुढे सरकवून फाइल नव्याने लिहावी लागते. अशा ४००! पेनड्राइव्हवर असतील तर विचारूच नका. ॲप मेलेलं नव्हतं, लिहीत होतं.

म्हणून आधी टास्क मॅनेजरमध्ये त्या ॲपसमोरचा डिस्कचा आकडा बघा. हलतोय? चहा घेऊन या. बराच वेळ शून्यावरच बसलाय, तर एखादी बिघडलेली फाइल असू शकते; ५०-५०च्या गठ्ठ्याने करा, सापडेल. फोटो ५०० पिक्सेलचा पुरे. आणि हो, हे सगळं कॉपीवर करा, मूळ फोल्डरला हात लावू नका. मी लावला होता.