हार्ड डिस्कला हवं जुळं भावंड!

१९९८ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या पिक्सार स्टुडिओत 'टॉय स्टोरी २' या कार्टूनपटाचं काम जोरात चाललं होतं. कुणीतरी कॉम्प्युटरला फाइली पुसण्याची चुकीची आज्ञा दिली आणि पडद्यावरच्या पात्रांच्या टोप्या, बूट आणि मग पात्रंसुद्धा एकेक करून नाहीशी होऊ लागली. यंत्रं बंद करेपर्यंत सुमारे ९० टक्के काम पुसलं गेलं होतं. 'बॅकअप आहे ना!' म्हणून तो काढायला गेले, तर बॅकअपही धड नव्हता. तो नीट होत नाहीये, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं!

तारणहार ठरल्या गॅलिन सुसमन. घरात तान्हं मूल असल्याने त्या घरून काम करत आणि चित्रपटाची एक प्रत त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटमध्ये गुंडाळून, बाळाला जपावं तसा गाडीतून स्टुडिओत आणला गेला. (पुढे कथाच पसंत न पडल्याने बराचसा चित्रपट नव्याने करावा लागला, ती गंमत वेगळी.)

आता आपल्या घरचा कॉम्प्युटर आठवा. मुलीच्या बारशापासूनचे फोटो, दुकानाचा टॅलीतला हिशेब, आजोबांचा स्कॅन केलेला वारसा दाखला, सगळं एकाच डिस्कवर. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात आणि वाचणारी सुई त्यांच्यावर केसाहूनही कमी अंतरावर तरंगते. नव्या एसएसडीत फिरणारं काही नसतं. पण ती कधीकधी कुरकुर न करताच एके दिवशी मान टाकते.

'आम्ही फोटो पेन ड्राइव्हवर घेतलेत,' असं पुष्कळ जण सांगतात. चांगलंच आहे. पण ती फक्त फाइलींची नक्कल. डिस्क गेली तर विंडोज, प्रिंटर, टॅली, मराठी फॉन्ट हे सगळं पुन्हा घालत बसावं लागतं. क्लोनिंगमध्ये डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरते. कॉम्प्युटर सुरू करणारा आणि एरवी डोळ्यांना न दिसणारा भागही तिच्यात येतो. म्हणूनच हळू चालणारी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवतानाही हीच युक्ती वापरतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की दिल्लीचं नेहरू प्लेस, दुरुस्तीवाल्यांचं हे रोजचं काम.

या कामाला नाव मिळवून दिलं 'घोस्ट' या प्रोग्रॅमने. न्यूझीलंडच्या मरे हॅझर्ड यांनी १९९०च्या दशकात तो लिहिला, १९९८मध्ये सिमॅन्टेकने विकत घेतला आणि २०१३मध्ये 'नॉर्टन घोस्ट'ची विक्री बंद झाली. आज तैवानमध्ये तयार झालेला 'क्लोनझिला' फुकट मिळतो. दिसायला रुक्ष, पण कामाला चोख. शाळेच्या प्रयोगशाळेत एक कॉम्प्युटर नीट तयार करून त्याची प्रत बाकीच्यांवर उतरवायलाही तो वापरतात. मात्र प्रत निघाली म्हणजे प्रत्येक यंत्राला विंडोजचा परवाना मिळाला, असं नव्हे हं!

घरी करायचं तर नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी घ्या आणि यूएसबी केसिंगमध्ये घालून जोडा. विंडोजने डिस्क कुलूपबंद केली असेल (याला बिटलॉकर म्हणतात), तर त्याची ४८ आकडी किल्ली आधी कागदावर उतरवा. मग येतो खरा धोक्याचा क्षण. प्रोग्रॅम विचारतो, कुठून कुठे? इथे उलटसुलट झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं साफ! दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या असल्या तर हा घोटाळा हमखास. डिस्कवरचा अनुक्रमांक आधी लिहून ठेवा आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहा. घाई असेल तर त्या दिवशी हे काम करूच नका. सेकंदाला १०० एमबी वेग धरला तरी ५०० जीबीला जवळजवळ दीड तास लागतो.

डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र क्लोनिंगचा नाद सोडा. कॉम्प्युटर बंद करा आणि माहिती परत काढून देणाऱ्या जाणत्या माणसाकडे जा. प्रत्येक प्रयत्नात ती आणखी घासली जाते.

प्रत झाली की जुनी डिस्क काढून नवी कॉम्प्युटरच्या आत बसवा आणि चालू करा. दोन्हींची ओळख सारखीच असल्याने पहिल्या वेळी त्या एकत्र जोडू नका. विंडोज उघडलं, बारशाचे फोटो दिसले, टॅलीत कालची नोंद सापडली, की पिक्सारवाल्यांनी जे पाहिलं नव्हतं ते तुम्ही पाहिलंत. ही प्रत त्या दिवसापुरतीच. उद्याचा हिशेब तिच्यात आपोआप जाणार नाही. व्हायरस असेल तर तोही तिच्यात उतरलेला असतो. म्हणून रोजच्या फाइलींची वेगळी नक्कल सुरूच ठेवा.

जुनी डिस्क महिनाभर तरी कपाटात राहू द्या. आणि पुढे ती विकायचीच असेल, तर पूर्ण पुसून मग विका. तिच्यावर तुमचं सगळं घर अजून जसंच्या तसं असतं.