पूर्णेकाठची वीज आणि अंगणातली गाडी

सिद्धेश्वर धरणाच्या वरच्या अंगाला, त्याच पूर्णा नदीवर, येलदरीचं जलविद्युत केंद्र आहे. साडेसात मेगावॉटचे तीन संच, एकूण २२.५ मेगावॉट. टर्बाइन फिरवून सुटलेलं पाणी सिद्धेश्वरच्या जलाशयात येतं आणि पुढे कालव्यांनी शेतात जातं. विजेची गाडी घेतल्यापासून इकडे आलो की मी हिशोब मांडतो. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर गाडी साधारण तीन किलोवॉट ओढते. म्हणजे तिन्ही संच पूर्ण जोरात चालले, तर एका वेळी साडेसात हजार गाड्या चार्ज होतील. वीज अशी उशाशी असली तरी अंगणातलं चार्जिंग अडतं ते अर्थिंगपाशी.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. २००१ साली बंगळूरची रेवा ही विजेची गाडी आली आणि २०२० च्या जानेवारीत टाटांची नेक्सॉन ईव्ही. चार्जिंग स्टेशनला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. राज्याचं विजेच्या वाहनांचं धोरण २०२१ चं. २०२५ च्या नव्या धोरणात या गाड्यांना समृद्धी महामार्गावर टोलमाफी आली.

आता अर्थिंग. सिद्धेश्वरला आमच्या दाजींकडे चार्जर लावला, तर लाल दिवा. पंखा, टीव्ही, मिक्सर सगळं चालू होतं. ही उपकरणं अर्थिंग आहे की नाही हे विचारत नाहीत. चार्जरच्या केबलवरचा डबा मात्र आधी तेच तपासतो आणि मगच गाडीला वीज सोडतो. गावातले वायरमनकाका होल्डरला शंभरचा बल्ब लावून आले. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लख्ख पेटला. फेज आणि अर्थमध्ये धरला, तर नुसती आतली तार लालसर झाली. (घरात करंटची गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी असेल तर या तपासणीत तो पडतो, पडायलाच हवा. हे काम वायरमननेच करावं.)

काका म्हणाले, "भाऊ, जिमिनीला भेगा पडल्यात. पाइपाला माती धरंना."

नेमकं दुखणं तेच. आपली काळी माती ओली असली की विजेला चांगली वाट देते. चैत्र-वैशाखात ती भेगाळते आणि पाइपापासून सुटते. खाली मुरूम आणि काळा कातळ, त्यांचा विरोध जास्त. काकांनी नवा खड्डा घेतला, अडीच मीटरचा जीआय पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, वर पाणी ओतायला नरसाळं ठेवलं. बल्ब लख्ख, चार्जरचा दिवा हिरवा. उन्हाळाभर त्या नरसाळ्यात पाणी पडलं पाहिजे. सात किलोवॉटच्या भिंतीवरच्या चार्जरची चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, पहिला पैसा अर्थिंगवर घाला, दुसरा चांगल्या सॉकेटवर. गाडी आठ-दहा तास सलग करंट ओढते. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. चटका बसला तर सॉकेट बदला.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. संध्याकाळी डीपीवर ताण आला की व्होल्टेज १८० वर येतं, आणि तेरा अँपिअरचा चार्जर तासाला तीनऐवजी सव्वादोन-अडीच युनिटच भरतो. म्हणून गाडी रात्री अकरानंतर चार्जिंगला लावावी. हवाही निवलेली असते, बॅटरीला ते मानवतं. महिन्याला हजार किलोमीटर चालवली तर दीडशेच्या आसपास युनिटं वाढतात, त्यामुळे बिल वरच्या स्लॅबमध्ये जाऊ शकतं, हे धरून चालावं.

प्रवासाचं तंत्र निराळं. डीसी फास्ट चार्जर ऐंशी टक्क्यांपर्यंत झपाट्याने भरतो, पुढे मंदावतो. म्हणून ऐंशीला निघावं. मशीन बंद निघू शकतं, तेव्हा पुढच्या स्टेशनापुरती बॅटरी राखूनच पहिल्या स्टेशनावर पोचावं. आडगावच्या लॉजवर रात्रभर पंधरा अँपिअरचं सॉकेट मिळालं तरी सकाळी गाडी भरलेली असते. मालकाला आधी फोन करून विचारावं, युनिटचे पैसे द्यावेत. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये.

औंढा नागनाथला ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला दूरदूरची माणसं येतात, कित्येक मुक्काम करतात. तिथे एका महागड्या फास्ट चार्जरपेक्षा वाहनतळावर पक्क्या अर्थिंगची दहा साधी सॉकेट्स असावीत, असं मला ठामपणे वाटतं. तीस किलोवॉटचं एक डीसी मशीन जेवढा भार घेतं तेवढाच या दहांचा. त्या मशीनपाशी गाड्या रांगेत थांबतील. इथे दहा कुटुंबं काकड आरतीनंतर एकाच वेळी निघू शकतील.