अंतराळातलं कापडी कोठीघर

28 मे 2016 रोजी अंतराळवीर जेफ विल्यम्स आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात एका झडपेपाशी बसले होते. काही सेकंद हवा सोडायची, झडप बंद करायची, वाट पाहायची, असं सात तासांहून जास्त वेळ चाललं. झडप 25 वेळा उघडली. हवा सुटली ती सगळी मिळून जेमतेम अडीच मिनिटं. पलीकडून लाह्या फुटल्यासारखे आवाज येत होते. घड्या धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांची शिवण, ठरवल्याप्रमाणे, उसवत होती. दोनच दिवस आधी हा प्रयत्न अर्धवट सोडावा लागला होता. कापड फार काळ घडी होऊन पडल्यामुळे थर एकमेकांवरून सरकेनात.

फुगवली जात होती ती स्थानकाला जोडलेली कापडी खोली, ‘बीम’. घडी घातलेली लांबी दोन मीटरच्या थोडी वर, फुगल्यावर चार मीटर. आत 16 घनमीटर जागा. सगळा खटाटोप रॉकेटच्या रुंदीसाठी. धातूचं घर रॉकेटच्या टोपणात मावेल तेवढंच बांधता येतं, कापडाचं वर जाऊन मोठं होतं. हवा अडवायला आतलं अस्तर, ताण पेलायला विणलेलं जाळं, बारीक उल्का थोपवायला बाहेरचे थर. समुद्रसपाटीइतका दाब भरला की दर चौरस मीटरवर दहा टनांचा रेटा येतो, हे लक्षात घेतलं की ‘फुगा’ म्हणवत नाही.

कल्पना नासाचीच. 1990च्या दशकातल्या ‘ट्रान्सहॅब’ या फुगवायच्या घराच्या प्रकल्पावर अमेरिकी काँग्रेसने 2000 साली बंदी घातली आणि हॉटेलमालक रॉबर्ट बिगेलो यांनी ती उचलली. अंतराळातही त्यांना भाड्याच्याच खोल्या दिसल्या असाव्यात! 2006 आणि 2007 साली त्यांची दोन मानवरहित ‘जेनेसिस’ यानं कक्षेत गेली. मार्च 2020 मध्ये बीम बांधणाऱ्या त्यांच्या कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. पुढे बीम नासाच्या ताब्यात आली.

दोन वर्षांच्या चाचणीसाठी नेलेली ही खोली तोवर सामान ठेवायची जागा झाली होती. काहींना ही घसरण वाटते, मला बढती वाटते. सिएरा स्पेस या दुसऱ्या कंपनीने आपलं तीन मजली उंचीचं कापडी घर जमिनीवर फुटेपर्यंत फुगवलं. 2024च्या जानेवारीत जाहीर झालेल्या निकालानुसार ते वातावरणाच्या पाचपट दाबापर्यंत टिकलं. आकडा दणकट आहे. पण सतत ताणलेलं कापड वर्षानुवर्षं कणाकणाने लांबत जातं, आणि ती झीज एका दिवसाच्या स्फोटात मोजता येत नाही. तिचा हिशेब द्यायला सामानाच्या पिशव्यांनी भरलेली बीमच जास्त लायक आहे.