शेंकडा चाळीस

आमचा पुतण्या गेलीं अठरा वर्षें एका अनुदानित शाळेंत गणित शिकवीत असे. अक्षर मोत्यासारखें. चार वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुटींत त्यानें तपासलेल्या कांहीं उत्तरपत्रिका सहज आमच्या हातीं आल्या, आणि शेऱ्याच्या पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत अक्षर मुंगीएवढें बारीक होत गेलेलें पाहून आम्ही चरकलों. हस्ताक्षरें वाचण्यांतच आमचा जन्म गेला. हा आळस नव्हे, हें तेव्हांच ध्यानांत आलें. पुढें उजवा हात कांपूं लागला. तज्ज्ञांनीं निदान केलें तें पार्किन्सनच्या व्याधीचें. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरानें १८१७ सालीं तिचें वर्णन केलें. आपल्या वैद्यकांतील कंपवात तो बहुतांशीं हाच. औषधानें लक्षणें आवरतात, रोग जात नाहीं. पुतण्याचें वय तेव्हां अवघें चव्वेचाळीस.

एके दिवशीं तो राजीनामा लिहूनच आमच्याकडे आला. "काका, फळ्यावर मीं लिहिलेलें मागच्या बाकावरून दिसत नाहीं. असा पगार कसा घ्यावा?" त्याचा स्वाभिमान आम्हांस समजला; पण कायदा त्यास ठाऊक नव्हता. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यानें ते एकवीस केले, आणि त्यांत या व्याधीचा स्पष्ट उल्लेख झाला. त्याच कायद्याचें विसावें कलम सांगतें कीं, सरकारी वा सरकारी साहाय्यावर चालणाऱ्या संस्थेंतील नोकरास सेवेंत असतां अपंगत्व आलें, तर त्यास काढतां येत नाहीं, पायरीही उतरवितां येत नाहीं. पूर्वींचें काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरें द्यावें. तेंही नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत अथवा निवृत्तीपर्यंत त्याच्यासाठीं अधिकचें पद ठेवावें. राजीनामा दिला कीं हें सारें आपल्याच हातानें सोडलें! आम्हीं तो कागद काढून आमच्या पेटींत ठेवला.

आमच्या वहिनी मात्र अडून बसल्या. "आपल्या घरांत कोणीं सरकारापुढें हात पसरला नाहीं. आतां पोराचें नांव पंगूंच्या यादींत घालायचें?" आम्ही म्हणालों, "वहिनी, माझें निवृत्तिवेतन दरमहा येतें; ती भिक्षा कीं काय?" त्या कांहीं बोलल्या नाहींत, पण संध्याकाळीं रहिवासाचा पुरावा म्हणून घराचीं कागदपत्रें त्यांनींच काढून दिलीं.

अर्ज आतां स्वावलंबन या सरकारी संकेतस्थळावर भरावयाचा असतो. आधार, छायाचित्र, वैद्यकीय कागद, हें सारें जमलें. घोडें अडलें सहीपाशीं. सही न जमल्यास डाव्या अंगठ्याचा ठसा चालतो. शिक्षकानें अंगठा उठवावा, हें त्यास सोसेना. अर्धा तास तो कागदावर सही गिरवीत होता. अखेर त्यानें निमूटपणें अंगठा पुढें केला. त्या वेळीं आम्ही खिडकीबाहेर पाहत होतों.

पुढची चूक आमची. तपासणीस जातांना विद्यार्थ्याला परीक्षेस धाडावें तसें आम्हीं त्यास धाडलें: परीटघडीचा सदरा, गुळगुळीत दाढी, गोळी अगदीं वेळेवर. वैद्यकीय मंडळापुढें तो ऐटीनें चालला. पडले शेंकडा बत्तीस. सवलतींस हवे किमान चाळीस. जन्मभर मुलांना पस्तिसास उत्तीर्ण करणाऱ्या मास्तराच्या घरांत हें असें नापास होणें आलें! बाहेर येऊन तासभर झाला नाहीं तों औषधाचा अंमल उतरला, आणि त्यास रिक्षेंत बसवावयास दोघे लागले.

कोणी सुचविलें, पुढच्या वेळीं गोळीच देऊं नका. हा सल्ला खोटेपणाचा तर आहेच, घातकही आहे. हें औषध एकाएकीं थांबविल्यास जिवावर बेतूं शकतें. आमच्या सूनबाईंनीं सरळ मार्ग काढला. त्यांनीं एक वही घातली: गोळी किती वाजतां, अंमल किती वेळ, सदऱ्याच्या गुंड्या कोणीं लावल्या, जेवतांना घांस कितीदां सांडला, रात्रीं कूस कोणीं बदलून दिली. पतीच्या अशा गोष्टी टिपून ठेवणें कोणत्या स्त्रीस आवडेल? तरी त्यांनीं दोन महिने एकही दिवस चुकविला नाहीं. ती वही पाहून तज्ज्ञांनीं सविस्तर पत्र दिलें. एकूणसाठाव्या कलमान्वयें अपील करण्याची मुभा आहे, तें केलें. या खेपेस मंडळानें वही पानोपान वाचली, आणि एका डॉक्टरांनीं त्यास मुद्दाम दोन तास बाहेर बसवून पुन्हां पाहिलें. आंकडा आला अठ्ठेचाळीस.

अधिक गुण मिळाले म्हणून घरांत कोणी पेढे वाटले नाहींत. रात्रीं वहिनी देवापुढें बराच वेळ बसून होत्या.

सध्यां तो त्याच शाळेच्या ग्रंथालयांत त्याच वेतनावर आहे. मधल्या सुटींत कांहीं मुलें त्याच्याकडे गणितें घेऊन जातात. तीं तो तोंडीं सोडवून देतो. प्रमाणपत्र पांच वर्षांच्या मुदतीचें आहे, तेव्हां सूनबाईंनीं दुसरी वही घातली आहे.