दोन बागा, एकच जात, भाव मात्र वेगळा



आजच्या भागाला निमित्त झालं एका ताईंच्या प्रश्नाचं. या ताई आणि त्यांच्या गटातल्या आठ-दहा जणी दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत छाटणीला, फुटी काढायला, खुड्याला जातात. एकाच मालकाच्या दोन बागा. एक वरच्या मुरमाड माळावर, दुसरी खाली ओढ्याकाठच्या काळ्या रानात. दोन्हीकडे वाइनची एकच जात, एकाच वर्षी लावलेली. काम करणारे हातही तेच. तरी वरच्या बागेचा माल कंपनीनं चांगल्या दरानं उचलला आणि खालच्या बागेच्या मालाला रंग नाही, गोडी कमी म्हणून दर पाडला. मालक सरळ म्हणाले, “बायांनी खालच्या बागेत काम नीट केलं नाही.”

ताईंनी विचारलं, “खरंच आमची चूक असेल का हो?”

त्याचं उत्तर हवेत आणि मातीत आहे. पण त्याआधी एक गोष्ट. आपल्यातल्या कितीतरी गटांनी गावातली दारू बंद करायला रात्री जागवल्या आहेत. वाइनमध्ये अल्कोहोल असतं, म्हणजे तीही दारूच, आणि आज मी तिची भलामण करणार नाही. पण त्या बागांत घाम आपला गाळला जातो. म्हणून त्या पिकाचं गणित आपल्याला कळायला हवं.

आधी हवेचं पाहू. सह्याद्री पावसाचे ढग अडवतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. तिथून पूर्वेला निफाड, येवल्याकडे गेलं की तो पाचशे-सहाशेच्या घरात येतो. डोंगराच्या या कोरड्या बाजूला आपण पर्जन्यछायेचा भाग म्हणतो. सांगलीचा पूर्व भाग, सोलापूर हेही त्यातलेच. भातासाठी ही जागा नव्हे, पण द्राक्षाला कोरडी हवा मानवते. ओल राहिली की पानावर केवडा येतो, घड कुजतात. अर्जेंटिनातल्या मेंडोसा भागात तर वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिथं अँडीज पर्वतावरच्या बर्फाचं पाणी पाटानं आणून बागा जगवतात, आणि तिथली वाइन जगभर जाते. म्हणजे द्राक्षाला पाणी लागतं, पण ते आपल्या हातात असलेलं बरं. आभाळातून नको त्या वेळी पडलेलं पाणी त्याला सोसत नाही.

आता थंडीचं. युरोपात हिवाळ्यात बर्फ पडतं. पानं गळतात, वेल झोपी जाते आणि वसंतात जागी होते. आपल्याकडे वेलीला झोपायला तेवढी थंडीच नाही. मोकळी सोडली तर ती वर्षभर वाढत राहील. म्हणून आपण तिला कात्रीनं वेळ सांगतो. एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी.

एप्रिलमध्ये काड्या खरडल्या की नव्या फुटी येतात. त्यांच्या डोळ्यांत पुढचे घड याच काळात, उन्हाळ्याच्या स्वच्छ उन्हात तयार होतात. डोळ्याला दिसत नाहीत, पण ठरलेले असतात. तेव्हा फुटींची गर्दी झाली, सावली पडली, आभाळ भरून राहिलं, तर डोळे वांझ निघतात. म्हणजे मे-जूनमध्ये तुम्ही विरळणी करता, तेव्हा फेब्रुवारीचं पीक हातात असतं.

ऑक्टोबरला छाटलं की चार-पाच महिन्यांत माल तयार. मणी वाढतात ते थंडीत. डिसेंबर-जानेवारीत दुपार उबदार आणि रात्र गार. हा दिवसरात्रीचा फरक वाइनच्या द्राक्षाला फार मोलाचा. दिवसा उन्हात पान साखर बनवतं. रात्र गार असली की वेल मण्यातला आंबटपणा जपून खर्च करते. रात्र उकाड्याची असली की तोच आंबटपणा भराभर संपतो. आणि वाइनला दोन्ही लागतात. नुसत्या गोड रसाची वाइन मिळमिळीत होते, लिंबू न पिळलेल्या सरबतासारखी.

इथं आपली आणि युरोपची वाट उलटी आहे. तिकडे माल उन्हाळ्यात भरतो आणि पिकता पिकता हवा गार होत जाते. आपल्याकडे माल थंडीत भरतो आणि पिकता पिकता ऊन चढत जातं. म्हणून आपल्याकडे शेवटचे दिवस घाईचे. फेब्रुवारी संपता संपता साखर झपाट्यानं चढते, आंबटपणा झपाट्यानं उतरतो. सॉव्हिन्यों ब्लांसारख्या पांढऱ्या जाती म्हणूनच आधी काढतात, शिराजसारख्या काळ्या जाती मागून. तुम्हाला पहाटे अंधारात खुड्याला बोलावतात, त्याचंही कारण हेच. गार घड गार असतानाच कारखान्यात पोचावे, वाटेत रस आंबू नये.

थंडीही अति झाली तर घात करते. निफाडला पारा फार उतरला की मण्यांची वाढ थांबते, मणी तडकतात. मग बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक चालू करतात. आणि अवकाळी पाऊस किंवा गारपीट आली, तर काय होतं ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

आता मातीकडे येऊ. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

घरात एक प्रयोग करा. एक किलो बारीक बटाटे सोला आणि एक किलो मोठे बटाटे सोला. साल कशाची जास्त निघेल? बारीक बटाट्यांची. द्राक्षाचंही तसंच. काळ्या द्राक्षाचा रंग आणि तुरटपणा गरात नसतो, सालीत असतो. गर बहुतेक जातींचा पांढुरकाच. काळी वाइन करताना रस सालीसकट आंबवतात, तेव्हा रंग उतरतो. मणी जितका बारीक, तितकी रसाच्या मानानं साल जास्त. म्हणून वाइनला बारीक मणी हवा. खाण्याच्या द्राक्षाला आपण डिपिंग करून मणी फुगवतो. वाइनच्या बागेत तसं करत नाहीत.

काळं भारी रान पाणी धरून ठेवतं. भिजलं की फुगतं, वाळलं की भेगाळतं. तिथल्या वेलीला पाणी संपत आल्याची खबरच लागत नाही. ती शेंडे फेकत राहते, पानांची दाटी होते, घड सावलीत जातात आणि मणी फुगतात. वजन भरपूर, पण रंग फिका आणि गोडी कमी. मुरमाड उतारावर पाणी झिरपून जातं. शेंडा वेळेत थांबतो. मण्यात पाणी उतरायला लागलं की वेल आपली ताकद घडाकडे वळवते. डाळिंबाचा बहार धरताना आपण झाडाला ताण देतो, तसाच मोजका ताण इथं माती स्वतःच देते. तो अति झाला तर मात्र पानं करपतात आणि साखर भरायचीच थांबते. माळावरच्या बागेला म्हणूनच ठिबक लागतं, थोडं थोडं आणि वेळेवर.

काही जण म्हणतात, मातीची चव वाइनमध्ये उतरते. तसं नसतं. मातीचा वास मुळांतून मण्यात चढत नाही. माती आपलं काम करते ते मुख्यतः पाण्यातून. पाणी किती धरते, किती सोडते आणि केव्हा, यावरून मणी घडतो.

कोरड्या भागात आणखी एक धोका आहे, तो खाऱ्या पाण्याचा. बोअरचं पाणी खारट असलं आणि पाऊस कमी पडला, तर क्षार धुऊन जात नाहीत, मुळाशी साठतात. पानांच्या कडा जळतात, रान चोपण होतं. यासाठीच आपल्याकडे डॉगरीज नावाच्या खुंटावर कलम बांधतात. हा खुंट मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासचा. दुष्काळ आणि खारेपणा तो पुष्कळ सोसतो.

आता त्या दोन बागांकडे पाहा. कंपनीचा माणूस छोट्या यंत्रावर रसाचा थेंब टाकून ब्रिक्स बघतो. बावीस ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात सुमारे बावीस ग्रॅम साखर. आंबवण्यात किण्व ती साखर खातं आणि साधारण बारा-तेरा टक्के अल्कोहोल बनतं. खालच्या बागेत मणी मोठे, घड जास्त, सावली दाट. तिथं ब्रिक्स चढला नाही आणि रंग भरला नाही, यात नवल नाही. ताई, ही तुमच्या कात्रीची चूक नव्हे. भारी रानाला वेगळी वागणूक लागते. पाणी आधी तोडावं लागतं, घड कमी ठेवावे लागतात, पानं जास्त काढावी लागतात. ओळी उत्तर-दक्षिण असतील तर पूर्वेची पानं काढायची आणि पश्चिमेची ठेवायची, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारचं चटका देत नाही. दोन्ही बागांत एकच काम सांगितलं, तर निकाल वेगळा येणारच. पुढच्या वर्षी छाटणीआधी मालकांना हे विचारा: “खालच्या बागेत घड किती ठेवायचे? पाणी केव्हा तोडणार?”

शेवटी, ज्या गटांना स्वतः बाग लावावीशी वाटते त्यांच्यासाठी. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. बाजारात हातगाडीवर ते कुणी घेत नाही. गिऱ्हाईक एकच, वाइनचा कारखाना. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, कारखाने वाढले, बागाही वाढल्या. २००८-०९ च्या मंदीत मागणी पडली आणि कितीतरी शेतकऱ्यांना उभ्या बागा तोडाव्या लागल्या. म्हणून आधी लेखी करार. दर कशावर ठरणार, वजनावर की ब्रिक्सवर? ब्रिक्स कोण मोजणार आणि मोजताना आपण हजर असणार का? माल नाकारला तर काय? हे कागदावर आल्याशिवाय खड्डा खणू नका.

नाही, एक खड्डा मात्र खणाच. कमरेइतका, तुमच्याच रानात. वर काय आहे, खाली मुरूम किती खोल लागतो, बघा. घागरभर पाणी ओता आणि ते किती वेळानं जिरतं ते पाहा. माती आणि बोअरचं पाणी दोन्ही कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्या. पीक कुठलंही असो, हा खड्डा वाया जात नाही.

ताई, प्रश्न विचारलात म्हणून हा भाग झाला. अशाच विचारत राहा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.