उबुंटूची कोणती आवृत्ति निवडावी?

फुकट मिळणाऱ्या वस्तूची निवड करतांना मनुष्य फारसा विचार करीत नाहीं. पैसे मोजावयाचे नसले म्हणजे जें प्रथम हातीं लागेल तें उचलावें, पुढचें पुढें पाहतां येईल, असें त्याला वाटतें. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमविषयीं मात्र ही वृत्ति महाग पडते. कारण येथें किंमत मोजावी लागते ती पैशांत नव्हे, तर घरच्या कागदपत्रांच्या, छायाचित्रांच्या आणि हिशेबांच्या सुरक्षिततेंत.

हा प्रश्न अलीकडे अनेक घरांपुढें एकाएकीं येऊन उभा राहिला. विंडोज १० ला मिळणारा दुरुस्त्यांचा नियमित पुरवठा मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. विंडोज ११ साठीं टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-व्यवस्था आणि बराच अलीकडचा प्रोसेसर लागतो. त्यामुळें पडदा, कळफलक, डिस्क सर्व कांहीं धडधाकट असूनही केवळ कारभारी निवृत्त झाला म्हणून यंत्र मोडींत काढण्याची पाळी येते. अशा यंत्राला नवा कारभारी नेमण्याचा एक रास्त मार्ग म्हणजे लिनक्स होय.

१९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिला आणि पुढें तो सर्वांस पाहण्यास, सुधारण्यास व वाटण्यास मोकळा केला. परंतु नुसत्या गाभ्यावर कोणाचें भागत नाहीं. त्यास पडद्यावरील खिडक्या, लेखनाचीं साधनें, छपाईची सोय यांची जोड लागते. ही जोड देऊन तयार केलेल्या संपूर्ण संचास वितरण म्हणतात. डेबियन हें १९९३ पासून चालत आलेलें वितरण. त्याच्याच पायावर मार्क शटलवर्थ यांच्या पुढाकारानें ऑक्टोबर २००४ मध्यें उबुंटूची पहिली आवृत्ति निघाली.

आतां निवडीकडे वळावें. उबुंटूच्या आवृत्तीचा आंकडा दिसण्यांत गूढ असला तरी अर्थ अगदीं सरळ आहे. पहिला भाग वर्षाचा, दुसरा महिन्याचा. २४.०४ म्हणजे २०२४ सालच्या एप्रिलची आवृत्ति, आणि २४.१० म्हणजे त्याच सालच्या ऑक्टोबरची. एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन हंगामांत दरवर्षीं नवी आवृत्ति निघते.

येथेंच पुष्कळांची फसगत होते. नवी ती चांगली, या समजुतीनें ते मोठा आंकडा पाहून आवृत्ति घेतात. वस्तुतः या आवृत्त्यांच्या दोन जाती आहेत. सम वर्षांच्या एप्रिलमध्यें निघणारी आवृत्ति दीर्घ मुदतीची असते. तिला एलटीएस म्हणतात, आणि तिच्या दुरुस्त्यांचा पुरवठा पांच वर्षें चालतो. मधल्या आवृत्त्यांना तो अवघे नऊ महिने मिळतो. नव्या कल्पना लवकर हातीं याव्यात आणि त्यांची परीक्षा व्हावी हा मधल्या आवृत्तींचा हेतु. म्हणून ज्यानें २४.१० बसविली त्याला जुलै २०२५ मध्यें पुन्हां बदल करणें भाग पडलें. ज्यानें आंकड्यानें लहान असलेली २४.०४ बसविली त्याला २०२९ पर्यंत निश्चिंतपणें काम करतां येतें. घरगुती कामासाठीं एलटीएस घ्यावी, हा यांतून निघणारा पहिला नियम.

दुसरा विचार यंत्राच्या ताकदीचा. एकाच मळलेल्या कणकेची पोळी होते, फुलका होतो आणि पुरीही होते. तसेंच एकाच गाभ्यावर निरनिराळे दर्शनी भाग चढवून उबुंटूचीं भावंडें तयार झालीं आहेत. मूळ उबुंटू २४.०४ साठीं निदान ४ जीबी रॅम आणि डिस्कवर २५ जीबी मोकळी जागा असावी. यंत्र त्याहून दुबळें असेल तर झुबुंटू किंवा लुबुंटू हीं हलकीं भावंडें बरीं. विंडोजसारखी मांडणी हवी असेल त्याला कुबुंटू रुचेल. मात्र या भावंडांच्या एलटीएस आवृत्तींस पांच नव्हे, तीनच वर्षें पुरवठा असतो, हें ध्यानांत ठेवावें. हलकेपणा आणि दीर्घ मुदत दोन्ही हवीं असतील, तर उबुंटूच्या एलटीएसवरच उभारलेल्या लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ति पाहावी. शिवाय हीं सर्व वितरणें आतां ६४ बिटांच्या यंत्रांसाठींच निघतात. फार जुनें ३२ बिटांचें यंत्र असल्यास तें यांपैकीं कोणतेंही चालवूं शकणार नाहीं.

तिसरा विचार कामाचा. उबुंटूची सर्व्हर आवृत्तिही फुकट मिळते, पण ती कार्यालयांतील मोठ्या यंत्रांसाठीं आहे. तींत खिडक्या नाहींत, चित्रें नाहींत; काळ्या पडद्यावर आज्ञा लिहाव्या लागतात. घरासाठीं डेस्कटॉप आवृत्तिच हवी. मराठी लिहिण्यासाठीं इन्स्क्रिप्ट कळफलकही तींत जोडतां येतो. उलट, ज्याचें काम विंडोजवरच चालणाऱ्या एखाद्या विशिष्ट हिशेबी प्रोग्रामवांचून अडतें, त्यानें तो प्रोग्राम किंवा त्याचा पर्याय लिनक्सवर मिळतो कीं नाहीं याची खात्री आधीं करावी.

निवड झाली तरी बसविण्याची घाई नको. लिनक्सची एक सोय अशी कीं, ती पेन ड्राइव्हवर घेऊन, डिस्कला धक्का न लावतां, तेथूनच चालवून पाहतां येते. वायफाय लागतें का, आवाज येतो का, घरचा प्रिंटर ओळखला जातो का, हें तासाभरांत कळतें. नापसंत पडल्यास पेन ड्राइव्ह काढून यंत्र पुन्हां सुरू केलें कीं सारें पूर्ववत्.

प्रत मात्र मूळ वितरकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावी आणि ती अस्सल आहे कीं नाहीं तें पडताळावें. २० फेब्रुवारी २०१६ रोजीं लिनक्स मिंटच्या संकेतस्थळांत घुसखोरांनीं शिरकाव करून लोकांना चोरवाट ठेवलेल्या बनावट प्रतीकडे वळविलें होतें. मग मूळ स्थळींही जर असें घडूं शकतें, तर ऐऱ्यागैऱ्या ठिकाणची प्रत घेणें किती धोक्याचें! वितरक प्रत्येक प्रतीबरोबर तिचा पडताळ-अंक आणि त्यावर आपली सांकेतिक स्वाक्षरी देतात. दोन्ही जुळलीं तरच प्रत वापरावी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डिस्कवर नवी सिस्टिम बसवितांना जुना मजकूर पुसला जाऊं शकतो. म्हणून कागदपत्रें व छायाचित्रें आधीं दुसऱ्या डिस्कवर उतरवून, तीं तेथून उघडतात हें डोळ्यांनीं पाहूनच पुढचें पाऊल टाकावें.

सर्वांत उत्तम आवृत्ति कोणती, या प्रश्नास एक उत्तर नाहीं. आपलें यंत्र किती ताकदीचें, काम कोणतें आणि किती वर्षें बिनघोर चालावयास हवें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्यानें प्रथम कागदावर लिहिलीं, त्याला योग्य आवृत्ति शोधण्यास फार वेळ लागत नाहीं.