अत्याचारानंतरचे पहिले तास

मधुमेह, सांधेदुखी, विस्मरण यांविषयी आपण घरात मोकळेपणाने बोलतो. आजच्या विषयाबाबत तसे होत नाही. लैंगिक अत्याचार तरुण मुलींवरच होतो, ही समजूत मनात इतकी घट्ट बसलेली असते की, अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या मांडीवर काळेनिळे डाग दिसले तर आपण म्हणतो, पडल्या असतील. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना साध्या धक्क्यानेही असे डाग पडतात, हे खरे. परंतु मांड्यांच्या आतल्या बाजूचे डाग, कपड्यांवरचे रक्त, विशिष्ट माणूस खोलीत येताच सुटणारा थरकाप, स्नान घालताना एकाएकी होणारा विरोध, ही लक्षणे एकत्र दिसली तर त्यांना एकांतात, शांतपणे विचारा.

अशा वेळी घरातील बायकांचा हात पहिल्यांदा गरम पाण्याकडे जातो. ती मायाच असते. पण तिच्याबरोबर पुरावाही वाहून जातो. तपासणीपूर्वी स्नान घालू नये. कपडे बदललेच असतील तर न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये ओल राहून नमुने खराब होतात. स्नान झाले असले, दोन दिवस उलटले असले, तरी रुग्णालयात जावेच. शरीरावरील नमुने सुमारे 96 तासांपर्यंत घेता येतात. एचआयव्हीचा प्रतिबंध करणारी औषधे मात्र 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि वय झाले म्हणून त्यांची गरज संपत नाही.

आधी ठाणे की आधी रुग्णालय? माझे मत स्पष्ट आहे : आधी रुग्णालय. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 नुसार शासकीय असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर तत्काळ विनामूल्य उपचार करून पोलिसांना कळवायचे असते. उपचार नाकारणे हा गुन्हा आहे. ‘आधी एफआयआर आणा’ असे कोणी म्हटले तर ते मानू नका. तपासणीला तिची संमती लागते. ती देण्याच्या मनःस्थितीत नसेल तर तिच्या वतीने संमती देण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीची. तपासणी नाकारली तरी उपचार थांबत नाहीत.

झरी-जामणीच्या एखाद्या पोडावरून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किती लांब आहे, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. म्हणून हे लक्षात ठेवा : एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचे कारण चालत नाही. नोंद महिला अधिकाऱ्याने घ्यायची असते. पीडिता शारीरिक वा मानसिकदृष्ट्या विकलांग असेल, तात्पुरती का होईना, तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी यायचे, गरजेनुसार दुभाषा आणायचा आणि चित्रीकरण करायचे. पुढील जबाबही तिच्या घरी, नातेवाईक किंवा समाजसेविकेच्या उपस्थितीत होतो. माहिती मिळाल्यापासून 24 तासांत वैद्यकीय तपासणीसाठी पाठवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि डॉक्टरांनी सात दिवसांत अहवाल द्यायचा असतो. साक्षीदारांतही स्त्रिया आणि साठीपुढचे पुरुष यांना चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. तेव्हा आजोबा, आपणही घरीच बसून सांगू शकता.

हे नियम आपल्या विदर्भातील एका मुलीने सोसलेल्या यातनांतून पुढे आले. 1972 च्या मार्चमध्ये देसाईगंज ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडूनच अत्याचार झाला. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले. 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी या निकालाविरुद्ध खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरले तेही त्याच दुरुस्तीने; म्हणून तिचे नाव मी येथे लिहीत नाही.

डॉक्टर म्हणून सांगतो, जखम नसणे म्हणजे संमती नव्हे. भीतीने शरीर गोठते. पक्षाघात झालेली स्त्री प्रतिकार करणार तरी कशी? आमच्या व्यवसायानेही या समजुतीला खतपाणी घातले. दोन बोटांची तथाकथित चाचणी कित्येक वर्षे चालली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पीडितेच्या प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली, आणि 2022 मध्ये ती करणाऱ्या डॉक्टरला गैरवर्तनाचा दोषी धरण्याचे बजावले. कोणी ती करू लागल्यास आपण ठामपणे नकार द्या.

आरोपी घरातलाच किंवा पगारी सेवक असेल तर प्रथम त्याला रुग्णापासून दूर करा. तातडीने 112, महिलांसाठी 181, वकिलाच्या मोफत मदतीसाठी 15100. राज्याच्या मनोधैर्य योजनेतील अर्थसाहाय्याविषयी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्या, आणि नव्वद दिवसांत तपासाची प्रगती कळवणे पोलिसांचे काम आहे, हेही ध्यानात असू द्या. विस्मरणाच्या रुग्णांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो. त्यांचा जबाब सकाळी, पोटात काही गेल्यावर, ऐकण्याचे यंत्र आणि चष्मा लावून घ्यावा, अशी विनंती अधिकाऱ्यांना करा. सोबत औषधांची यादीही द्या.